कार्ल्याची लेणी, देहूरोडचा बुद्ध आणि चीनमधला एक जुना वाद

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, घाई नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळी पर्यटनाच्या पुरवणीसाठी मी कार्ला-भाजे लेण्यांवर एक लेख लिहिला होता. धबधबे, भजी, मळवली स्टेशनवरून चालत किती वेळ लागतो, असा नेहमीचा मजकूर. त्यात एक वाक्य मी अगदी सहज टाकलं होतं, की संसाराकडे पाठ फिरवलेल्या भिक्खूंनी जगापासून लांब, एकांतासाठी ही जागा निवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी देहूरोडहून एका निवृत्त काकांचा फोन आला.

"जय भीम. पत्रकार, तुम्ही कार्ल्याला वर गेलाय का कधी?"

मी म्हटलं, "काका, मी लोणावळ्याचाच. शंभर वेळा गेलोय."

"मग खांबांवर काय लिहिलंय ते वाचलंय का? जगापासून लांब म्हणे! अहो, भर रस्त्यावरची जागा ती."

मी दिलगिरी व्यक्त करून फोन ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हा थोडा रागच आला होता. एका वाक्यावरून एवढं काय, असं वाटलं.

पुढे पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला लियांग शुमिंग या चिनी विचारवंतावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. वाचता वाचता लक्षात आलं की माझ्या त्या वाक्यातलं मतच या माणसाने 1921 साली अख्ख्या भारतावर एक सिद्धांत म्हणून मांडलं होतं. आणि त्या मतावरून चीनमध्ये मोठा वाद झाला होता. तेव्हा काकांचा फोन पुन्हा आठवला. आजची पोस्ट त्यावर आहे.

आधी लियांग शुमिंग कोण ते सांगतो.

जन्म 1893, बीजिंगचा. तरुणपणी बुद्धाच्या विचारांनी इतका भारावला की मांसाहार सोडला, लग्न नको म्हणाला, भिक्खू व्हायचं मनात होतं. विद्यापीठाची पदवी नाही. पण 1916 साली बौद्ध विचारांवर त्याने लिहिलेला एक निबंध गाजला आणि त्या जोरावर बीजिंग विद्यापीठाने त्याला 1917 मध्ये भारतीय तत्त्वज्ञान शिकवायला बोलावलं. वय अवघं चोवीस.

तो काळ लक्षात घ्या. 1911 च्या क्रांतीत चीनची राजेशाही गेली होती. शहरातली शिकलेली पोरं म्हणत होती, कन्फ्युशियसला गाडा, त्याच्यामुळेच आपण मागे राहिलो. आपल्याकडे सुधारक विरुद्ध सनातनी वाद पेटला होता, त्याची आठवण यावी असं वातावरण. त्यातच 1918 मध्ये लियांगच्या वडिलांनी तळ्यात उडी घेऊन जीव दिला. ते जुन्या वळणाचे गृहस्थ. ज्या मूल्यांवर आयुष्य काढलं ती डोळ्यांदेखत मोडीत निघालेली त्यांना पाहवली नाहीत. मुलगा हादरला. ज्या परंपरेला आपण पाठ दाखवली, तिच्यासाठी बापाने जीव दिला.

1921 मध्ये लियांगने बुद्धाचा मार्ग बाजूला ठेवला, लग्न केलं आणि पूर्व-पश्चिमेच्या संस्कृतींवरचं आपलं गाजलेलं पुस्तक काढलं. त्याचा मुद्दा सोप्या भाषेत असा. समोर अडचण आली की माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. एक, पुढे जाऊन अडचण मोडून काढतो. ही पश्चिमेची रीत. दोन, अडचणीशी आणि स्वतःशी मेळ घालून जगतो. ही चीनची, म्हणजे कन्फ्युशियसची रीत. तीन, ज्या इच्छेमुळे ती अडचण वाटते त्या इच्छेकडेच पाठ फिरवतो. ही भारताची रीत. भारत म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर मुख्यतः बुद्ध होता.

गंमत म्हणजे भारताची रीत त्याच्या लेखी सर्वांत उंच होती. पण ती मानवजातीच्या शेवटच्या टप्प्यासाठी. आज लोक उपाशी आहेत, देश मोडलाय, अशा वेळी ही रीत चीनला परवडणारी नाही, म्हणून आत्ता ती साफ बाजूला ठेवा, असं त्याने लिहिलं. बुद्धाला पुढे घेऊन समाजसुधारणा करू पाहणाऱ्यांनाही त्याने बजावलं की बुद्ध या कामाचा नाही.

कन्फ्युशियसच्या विचाराला विसाव्या शतकात नव्याने उभं करणाऱ्या लोकांना नव-कन्फ्युशियन म्हणतात. लियांग त्यातला अगदी सुरुवातीचा. आणि या मंडळींची खासियत अशी, की त्यांच्यातले बरेच मोठे लोक बुद्धाच्या घरातून जाऊन मग कन्फ्युशियसकडे परतलेले आहेत.

दुसरं मोठं नाव शियोंग शिली. जन्म 1885, गरीब घर, लहानपणी गुरं राखली, तरुणपणी क्रांतीत भाग घेतला. क्रांतीनंतरचं राजकारण बघून मन विटलं. माणूस आतून बदलल्याशिवाय काही खरं नाही, असं वाटून तो पस्तिशीत नानजिंगला ओउयांग जिंगवू या बौद्ध आचार्यांकडे शिकायला गेला. तिथे काय शिकला? विज्ञानवाद. असंग आणि वसुबंधू या भारतीय भावांचं तत्त्वज्ञान. आपल्याला बाहेरचं म्हणून जे जग दिसतं ते चित्ताच्या घडणीतून दिसतं, असा त्याचा ढोबळ अर्थ.

हा विचार चीनला पोचवणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला ह्युएन त्संग म्हणून वाचलं तो. नालंदेत शीलभद्रांकडे तो हे शिकला. सन 641 च्या सुमारास तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, पुलकेशीच्या राज्यात. इथली माणसं साधी पण मानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं काहीसं त्याने लिहून ठेवलंय. इथे शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू असल्याची नोंदही त्याने केली. 645 मध्ये तो 657 ग्रंथ घेऊन परत गेला आणि 659 मध्ये विज्ञानवादावरचा मोठा ग्रंथ चिनी भाषेत सिद्ध केला.

पुढे चीनमध्ये ही परंपरा विझली. त्यावरच्या महत्त्वाच्या टीका तिथे मिळेनात. पण त्या जपानात जपून ठेवलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यांग वेनहुई या गृहस्थांनी जपानी मित्राच्या मदतीने त्या परत आणवल्या आणि नानजिंगला छापल्या. ओउयांग जिंगवू हे त्यांचेच शिष्य. म्हणजे भारतातून चीन, चीनमधून जपान, जपानमधून पुन्हा चीन, असा हजार-बाराशे वर्षांचा फेरा मारून तो विचार शियोंग शिलीच्या हातात पडला.

लियांगच्या शिफारशीने शियोंग 1922 मध्ये बीजिंग विद्यापीठात विज्ञानवाद शिकवायला गेला. शिकवता शिकवता त्याला शंका यायला लागल्या. 1932 मध्ये त्याने स्वतःचा 'नवा' विज्ञानवाद मांडणारा ग्रंथ काढला. जुन्या मांडणीत मूळ तत्त्व एकीकडे आणि हे चालतं-बोलतं जग दुसरीकडे असे दोन तुकडे पडतात, असा त्याचा आक्षेप. त्याचं म्हणणं, समुद्र आणि लाटा वेगळ्या काढता येतात का? तसंच मूळ तत्त्व आणि हे जग. जग सतत घडतंय, नवं होतंय, आणि ते घडणं हेच तत्त्व आहे. म्हणून जगापासून सुटका शोधायची नाही, जगात राहून काम करायचं. आळंदीच्या माउलींनी जग माया म्हणून झटकून न टाकता त्याला चैतन्याचा विलास म्हटलं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना हा मुद्दा फार परका वाटणार नाही.

आचार्यांच्या मठात खळबळ उडाली. त्याच वर्षी ओउयांगांच्या एका शिष्याने या ग्रंथाचं खंडन करणारं पुस्तक काढलं. शियोंग गप्प बसतोय होय? पुढच्याच वर्षी त्याने त्या खंडनाचं खंडन छापलं, आणि पुस्तकाचं नावही तसंच ठेवलं. गुरू-शिष्यात कायमची तेढ आली.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं. शियोंगने बुद्धाच्या घरातली हत्यारं घेतली, त्याच हत्यारांनी कन्फ्युशियसचं घर दुरुस्त केलं, पण कुठून काय घेतलं ते लपवलं नाही. त्याचा शिष्य मोउ झोंगसान पुढे हाँगकाँग-तैवानमध्ये या विचाराचा सर्वांत मोठा माणूस ठरला. 1958 मध्ये चौघांनी चिनी संस्कृतीच्या बाजूने जो जाहीरनामा काढला त्यात त्याची सही आहे. त्यानेही बौद्ध तत्त्वज्ञानावर मोठा ग्रंथ लिहिला. परंपरेचा अभिमान असलेली माणसं, पण दुसऱ्याच्या घरचं ऋण मान्य करायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

पण यातल्या बऱ्याच जणांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. बुद्ध म्हणजे जगाकडे पाठ, आणि जगाकडे तोंड करायचं तर कन्फ्युशियस. चीनमध्येच ताइशू नावाच्या भिक्खूने याला उत्तर दिलं. बुद्धाचा धर्म मेलेल्यांच्या क्रियाकर्मासाठी नाही, जिवंत माणसांसाठी आहे, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. हे ताइशू 1940 साली भारतात येऊन गेले होते.

आता आपल्या डोंगरावर या.

लियांगचा भारत ग्रंथांतून आलेला होता, तोही चिनी भाषांतरांतून. त्यात तत्त्वज्ञान भरपूर, पण दान देणारी माणसं नाहीत. ती माणसं दगडावर आहेत. एकवीरा आईच्या दर्शनाला रांगेत उभे असता ना, तिथून दहा पावलांवर.

काकांच्या फोननंतर मी कार्ल्याच्या लेखांचं वाचन मिळवलं आणि कागद हातात घेऊन वर गेलो. ब्राह्मी मला वाचता येत नाही, पण कुठला लेख कुठे आहे ते जुळवता आलं. चैत्यगृह सुमारे 124 फूट लांब, जवळपास दोन हजार वर्षांचं, छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर. एका लेखात वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठने हे काम पूर्ण केल्याचं सांगितलंय, आणि जंबुद्वीपात असं दुसरं नाही अशी फुशारकीही मारलीय. खांबांवर धेनुकाकट गावच्या लोकांची नावं आहेत. हे गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासक अजून भांडतात. पण तिथले काही दाते स्वतःला यवन म्हणवतात. दाराच्या बाजूला सामी नावाच्या सुताराचं नाव आहे. सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या गंधिकाचं आहे. बाहेरचा सिंहस्तंभ एका महारठीने दिलाय.

आणखी एक लेख उषवदाताचा. क्षत्रप नहपानाचा हा जावई. वालुरकच्या लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या, चारी दिशांनी आलेल्या भिक्खूंच्या पोटापाण्यासाठी त्याने करजिक हे गाव दिलं. वालुरक म्हणजे आपलं कार्ला. पुढे सत्ता बदलली, क्षत्रप गेले, सातवाहन आले. तरी गावाचं दान पुढे चालू ठेवल्याची राजाज्ञा त्याच भिंतीवर आहे. ती कुणाला उद्देशून आहे? मामाळच्या अमात्याला. मामाळ म्हणजे मावळ. आपल्या तालुक्याचं नाव एवढं जुनं, आणि ते टिकलं भिक्खूंच्या धान्यापाण्याच्या सरकारी आदेशात! रोज तहसील कचेरीच्या बातम्या करणाऱ्या मला हे वाचून हसू आलं.

मला सर्वांत भिडलेला लेख मात्र कार्ल्याचा नाही, शेलारवाडीचा. घोरावाडी स्टेशनजवळच्या डोंगरात ही लेणी आहेत, पर्यटक सहसा जात नाहीत. तिथे लिहिलंय की धेनुकाकटात राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाच्या बायकोने, सिअगुतणिकेने, मुलगा नंद याच्यासह हे लेणं दान दिलं. कुटुंबिक म्हणजे शेतकरी. कुणबी हा शब्द त्यातूनच आला असं मानतात. म्हणजे एका शेतकऱ्याच्या बायकोचं नाव दोन हजार वर्षांच्या आसपास आपल्या डोंगरावर आहे, आणि आपल्यातल्या किती जणांना ते माहीत आहे?

म्हणजे काका बरोबर होते. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून देशावर येणाऱ्या वाटेवरच ही लेणी आहेत. व्यापारी, सुतार, शेतकरी, राजाचा जावई, परदेशी माणूस, भिक्खू, सगळे एका छताखाली. जगाकडे पाठ फिरवलेल्यांची ही जागा म्हणणं चूक होतं, माझंही आणि लियांगचंही.

पण इथे थांबलो तर मी लियांगवर अन्याय करीन. त्याच्या बाजूने एक प्रश्न उरतोच. दान दिलं, लेणं कोरलं, पुण्य मिळालं, ठीक. त्याने समाज बदलला का? सुताराचं नाव दगडावर आलं, पण खाली गावात त्याला कसं वागवत होते, हे दगड सांगत नाही. भिक्खूंना पोसणं वेगळं आणि समाज नव्याने रचणं वेगळं. लियांगला दुसरी गोष्ट हवी होती.

या प्रश्नाला भिडलेला माणूसही आपल्याच भागात सापडतो. 25 डिसेंबर 1954. रंगूनची जागतिक बौद्ध परिषद आटोपून आलेल्या बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. तुकोबांचं देहू तिथून हाकेच्या अंतरावर. त्या भाषणात त्यांनी पंढरीचा पांडुरंग म्हणजे मुळात बुद्ध, असा आपला दावाही सांगितला. दावा पटो न पटो, त्यामागचं मन मला कळतं. बुद्ध बाहेरून आणायचा नाहीये, तो या मातीतलाच आहे, हे त्यांना सांगायचं होतं. तळेगाव दाभाड्यातही त्यांचा बंगला होता, हे मावळातल्या लोकांना सांगायला नको.

त्या काळात ते बुद्ध आणि त्याच्या धम्मावरचा ग्रंथ लिहीत होते. तो 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी काही अडचणीचे प्रश्न स्वतःच उभे केलेत. त्यातला एक भिक्खूबद्दल आहे. बुद्धाने भिक्खूसंघ काढला तो कशासाठी? स्वतःपुरता परिपूर्ण झालेला माणूस घडवण्यासाठी, की लोकांची सेवा करणारा समाजसेवक घडवण्यासाठी? नुसता परिपूर्ण माणूस असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, तो समाजसेवक असेल तरच काही आशा आहे, असा त्यांचा रोख होता.

लियांगचा प्रश्न हाच होता. फक्त त्याने बुद्धाबद्दल उत्तर आधीच ठरवून टाकलं आणि कन्फ्युशियसकडे गेला. बाबासाहेबांनी तोच प्रश्न बुद्धालाच विचारला आणि उत्तरही तिथूनच काढलं. चीनमधल्या माणसाला परतायला एक जुनं घर होतं. बाबासाहेबांच्या लोकांना गावच्या जुन्या घरात दाराबाहेरच उभं केलं जात होतं, ते कुठे परतणार? मला वाटतं दोन उत्तरं वेगळी का आली याचं मोठं कारण इथे आहे. नाहीतर हाताशी असलेला बुद्ध दोघांचाही तोच होता.

यात आणखी एक मराठी माणूस आठवतो. गोव्याचे धर्मानंद कोसंबी, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणारे. त्यांच्या 'बोधिसत्त्व' नाटकात सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य-कोलियांच्या नदीच्या पाण्यावरच्या भांडणामुळे. बाबासाहेबांच्या ग्रंथातही गृहत्यागामागे तोच पाण्याचा तंटा आहे. पाण्यावरून काय होतं, हे पवना धरणाच्या तालुक्यात मी वेगळं सांगायची गरज नाही.

आता लियांगचं पुढे काय झालं ते सांगून संपवतो, कारण तेच मला सर्वांत जास्त पटलं. तो विद्यापीठ सोडून खेड्यात गेला. 1931 ते 1937 शानडोंग प्रांतातल्या झोउपिंग तालुक्यात गावशाळा, सहकारी संस्था, गावाने गावाचे तंटे मिटवणं असे प्रयोग केले. जपानी सैन्य आलं आणि सगळं मोडलं. 1953 मध्ये भर बैठकीत माओसमोर शेतकऱ्यांची बाजू घेऊन बोलला आणि माओच्या शिव्या खाल्ल्या. 1974 मध्ये सरकारने कन्फ्युशियसविरोधी मोहीम काढली तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या या म्हाताऱ्याने त्यात सूर मिसळायला नकार दिला.

1980 मध्ये गाय अलिटो हे अमेरिकन अभ्यासक त्याला भेटले. लियांगचं चरित्र त्यांनी आदल्याच वर्षी छापलं होतं, आणि नाव ठेवलं होतं 'शेवटचा कन्फ्युशियन'. ढिगातून मला मिळालेलं पुस्तक तेच. लियांगने त्यांना सांगितलं की मी बौद्ध आहे. आतून तो कधी बदललाच नव्हता.

म्हणजे ज्याने लिहिलं की बुद्ध समाजाच्या कामाचा नाही, तोच बुद्धाला मनात ठेवून आयुष्यभर समाजाचं काम करत राहिला. 1988 मध्ये तो गेला.

त्या काकांना हे सगळं सांगायला मी देहूरोडला गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते चिनी राहू द्या. तुम्ही त्या लेखाचं काय केलंत?"

मी काहीच केलं नव्हतं. पुरवणी केव्हाच रद्दीत गेली होती. म्हणून आज इथे लिहितो: कार्ल्याबद्दलचं माझं ते वाक्य चुकीचं होतं. पुढच्या वेळी एकवीरेला जाल तेव्हा दर्शन झाल्यावर पाच मिनिटं लेण्यात या. पोरांना सोबत घ्या. आपलं की त्यांचं हा वाद बाजूला ठेवा आणि खांबांवरची अक्षरं दाखवा. सांगा की इथे सुताराचं नाव आहे. जमलं तर कधीतरी शेलारवाडीलाही जा.

माझं काही चुकलं असेल तर सांगा. दुरुस्त करीन. या वेळी उशीर करणार नाही.